चौतीस खुणा

४ फेब्रुवारी

ताई,

आणि वर तू मलाच विचारतेस! ज्या दवाखान्याने आईचा उजवा डोळा खाल्ला, त्याच दवाखान्यापुढे तू आता डावा वाढायला निघालीस, आणि मला विचारतेस काय, तर "बाटली किती भरलेली होती?"

चार महिने झाले, माझा फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "आई झोपलीय" म्हणून ठेवतेस. आई काय कुंभकर्ण आहे? आणि आता चिठ्ठी पाठवलीस ती तीन ओळींची. ११ मार्चला डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. आई म्हणते, धाकट्याने हो म्हटल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही. आणि तिसरी ओळ त्या थेंबांच्या बाटलीची. बरा आहेस का, जेवतोस का, काही नाही.

तर ऐक. मी हो म्हणणार नाही.

तू म्हणशील, हा चौथी नापास, याला डॉक्टरकीतलं काय कळतं. डॉक्टरकीतलं नसेल कळत, पण डोळे तर आहेत ना मला? ऑक्टोबरात उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आठ दिवसांची सुट्टी काढून आलो तेव्हा सगळं बघितलंय. एका खाटेवर दोन बायका, एकीचे पाय दुसरीच्या तोंडाशी. मोतीबिंदूच्या वॉर्डात तिसऱ्या मजल्यावर जायचं, आणि खाली पाटी "लिफ्ट बंद आहे". ती पाटी खडूने लिहिलेली नाही ताई, ऑइलपेंटने रंगवलीय. म्हणजे बंद ठेवायचं पक्कंच ठरलेलं. ज्यांना दिसत नाही त्यांनी बासष्ट पायऱ्या चढायच्या. मोजल्यात मी, आईचा हात धरून. केसपेपरच्या खिडकीपुढे सकाळी सहापासून चपलांची रांग, कारण माणसं दमून भिंतीला टेकलेली असतात. आणि ती खिडकी बाराला बंद. समोर कोणी मरत असेल तरी त्याने सव्वा अकराला मरावं.

आणि ती वॉर्डातली नर्सबाई! घरी सोडताना तिने हातात थेंबांच्या वेळांचं कार्ड दिलं आणि मोकळी झाली. मी तक्रारीत तसंच लिहिलंय, की काळजी काय घ्यायची, दुखलं तर कुठे यायचं, काही म्हणजे काही सांगितलं नाही. चौकशी लागलीय ना तिच्यावर? लागू दे. तुला तिचा एवढा पुळका का ते मला कळत नाही. ती तुझी कोण लागते?

निघताना काढलेला त्या कार्डाचा फोटो मी तक्रारीला जोडलाय. दिवसातून आठ वेळा थेंब, प्रत्येकाची खूण केलेली. तिसऱ्या दिवशी तपासायलाही नेलं होतं, तुला तेव्हाच सांगितलं होतं. आता त्यांच्या वहीत नोंद नसेल तर तो त्यांच्या वहीचा प्रश्न.

तू ती तारीख सोडून दे. बाजारापाशी तो काचेच्या दाराचा दवाखाना आहे, दार आपोआप उघडतं तो. तिथे विचार. चाळीस हजार लागतील ना? मी देतो. कुठून ते विचारू नकोस, देतो म्हणजे देतो. आईला सांग, धाकटा अजून मेलेला नाही.

तुझा
भिरभिऱ्या (हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा बरी हसायचीस)


१५ फेब्रुवारी

ताई,

अक्षर आज जास्तच वाकडं आहे, चुका काढू नकोस. एका डोळ्याने लिहितोय.

तू चाळीस हजारांचं काहीच लिहिलं नाहीस. परत तेच विचारलंस, बाटलीचं. तू शाळेत मॉनिटर होतीस ते बरोबरच होतं.

झालं असं. शनिवारी मी ग्राइंडरवर होतो. शेडचे खांब आहेत, त्यांचे वेल्डिंगचे टाके घासून सपाट करायचे. ठिणग्या उडतात, त्यासाठी चष्मा लागतो. आम्ही चौघं आणि चष्मा एक, तोही लांब्याकडे, कारण लांब्या वयाने मोठा. एक कणी सरळ माझ्या डाव्या डोळ्यात. आधी काही वाटलं नाही, मग पापणीखाली कोणीतरी काचेचा चुरा भरल्यासारखं. लांब्या म्हणाला, "थांब, काढतो," आणि काडेपेटीची काडी घेऊन बसला माझ्या छातीवर. काडीच्या टोकाला कापूस लावलेला, म्हणजे त्याच्या मते मोठं ऑपरेशनच. मी ओरडलो तेव्हा म्हणतो कसा, "बायकोसारखा हलू नकोस." मी म्हटलं, "तुझी बायको हलून हलून माहेरी गेली ते विसरलास?" मग सोडलं त्याने.

रविवारभर तसाच पडून राहिलो. सोमवारी डोळा टोमॅटो झाला, तेव्हा गेलो इथल्या सरकारी दवाखान्यात. खासगीत का नाही, ते विचारू नकोस.

तिथेही तेच गं. जगात सगळीकडे एकाच कारखान्यात ही खिडकीवरची माणसं ओतून काढतात की काय? पहिली खिडकी म्हणते चौथीवर जा. चौथी म्हणते, कामावर लागलंय ना, मग आधी ठेकेदाराचा कागद आण. मी म्हटलं, "साहेब, लोखंड डोळ्यात आहे, कागदात नाही." तो म्हणाला, "मागे उभा राहा." परत साइटवर. ठेकेदाराच्या माणसाने वही काढली. त्यात रोज माझ्या नावापुढे "चष्मा दिला", आणि खूण. महिनाभराच्या खुणा! एका पेनाच्या, एका हाताच्या, एका बैठकीत ओढलेल्या, आंधळ्यालाही कळेल. म्हणतो, "चष्मा रोज दिलाय, तू लावला नाहीस, कागद मिळणार नाही." माझं डोकंच फिरलं. माणसाच्या डोळ्याशी खेळ आणि वर खोट्या खुणा! मी वही फेकली त्याच्या अंगावर. लांब्याने धरलं नसतं तर आज दुसरीकडून लिहीत असतो.

परत दवाखान्यात गेलो तेव्हा पावणेबारा. चौथ्या खिडकीवरचा माणूस पडदा ओढतच होता. मी हात आत घातला. म्हटलं, आता बंद कर, हातासकट. तेव्हा मागून एक पोरगेला डॉक्टर जात होता, हातात चहाचा कप. थांबला, माझी पापणी वर केली, आणि चहा तिथेच खिडकीच्या कठड्यावर ठेवून मला आत घेऊन गेला. कागद नाही, रांग नाही. दिव्याखाली हनुवटी ठेवायला लावली आणि दोन मिनिटांत कणी काढली. कापसावर ठेवून दाखवली, खसखशीएवढी. मी विचारलं, "किती द्यायचे?" तर म्हणाला, "माझा चहा गार झाला, तेवढा मनात धर." बाहेर आलो तर त्याचा कप त्या चौथीवाल्याने उचलून पायरीवर ठेवलेला.

म्हणजे माणसं असतात ताई. पण एखादा चहा घेऊन त्या वाटेने जाईल, या भरवशावर माणसाने डोळा न्यायचा का? माझा राग तोच आहे, समजून घे.

त्या खिडकीवरून एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरात तिसऱ्या दिवशी मी आईला तपासायला नेलं ते खरं. पण तपासलं नाही. सात वाजता गेलो होतो, पुढे एकोणपन्नास चपला. आमचा नंबर आला आणि बारा वाजले. तो म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी गाडी. मी भांडलो, रखवालदाराने मला दंडाला धरून बाहेर काढलं, सगळ्यांसमोर, आईसमोर. घरी येऊन तुला सांगितलं, दाखवलं, डॉक्टर म्हणाले छान आहे. तू कामावरून दमून आली होतीस. खिडकी त्यांनी बंद केली, मी नाही.

मला दोन तासांनी एकदा थेंब घालायचेत. कार्डही दिलंय, तसंच चौकोनांचं.

तुझा भिरभिऱ्या


२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. मला शिक्षा झालीय. ऐक.

कणी काढल्यावर आठवड्याने दाखवायला बोलावलं होतं. मलमपट्टीच्या खोलीत एक मावशी असतात, जाड, चष्म्याला दोरा बांधलेला. सगळे त्यांना बाटलीवाल्या मावशी म्हणतात. का ते मला माहीत नव्हतं. मी कार्ड पुढे केलं.

"कार्ड राहू दे. बाटली काढ."

"मावशी, सगळं आहे कार्डावर. एक चौकोन रिकामा नाही."

"लोखंड कार्डाच्या डोळ्यात गेलं होतं का? बाटली."

मी दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, अशी तिरकी, जशी आई रॉकेलची बाटली धरायची. बाकावर दहा-बारा माणसं. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज अर्धी व्हायला हवी होती. ही तर नवी नवरी आहे, उंबरा ओलांडून बाहेर पडलीच नाही अजून!" सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या कार्डाला एकदम लख्ख दिसायला लागणार बघ. तुझं काय ते तू बघ. म्हणजे, बघता आलं तर."

मला राग आला. मी म्हटलं, "मावशी, कामावर दर दोन तासांनी थेंब कोण घालू देतं? ठेकेदार मुतायला सोडत नाही." त्या म्हणाल्या, "हे मला आधी सांगितलं असतंस तर चार तासांचं मलम लिहून आणलं असतं डॉक्टरांकडून. पण तू मला खुणा दाखवल्यास. खुणांवर मी काय औषध देणार?"

मग म्हणाल्या, "आज कामावर जायचं नाही. इथे बस. ते घड्याळ. दर दोन तासांनी डोकं मागे करायचं, मी येते." आठपासून बसलोय. दहाला आल्या, बाराला आल्या. बाराला तर त्यांच्या अर्ध्या चहासकट आल्या. खालची खिडकी बंद झाली, ही खोली नाही झाली. कुणीतरी त्यांना विचारलं, "मावशी, जेवणाची सुट्टी?" तर म्हणाल्या, "डोळ्याला सांग सुट्टी घ्यायला."

मी बसून बसून काय करणार? मोबाइल काढला. तक्रारीला जोडलेला आईच्या कार्डाचा फोटो आहे त्यात. एका डोळ्याने मोठा करून बघितला.

ताई, चार दिवस माझे होते. रोज आठ, म्हणजे बत्तीस खुणा व्हायला हव्यात. कार्डावर चौतीस आहेत.

पाचव्या दिवसाचे सकाळचे सहा आणि आठ, दोन्ही चौकोनांत खूण. पाचव्या दिवशी सकाळी मी गाडीत होतो, घरापासून रात्रभराच्या अंतरावर.

तू हे तेव्हाच बघितलंस ना? पाचव्या दिवशी सकाळी तू थेंब घालायला कार्ड हातात घेतलं असशील आणि तिथे माझी खूण आधीच बसलेली. आणि बाटली उजेडात धरली असशील. चार महिने तू मला एवढंच विचारतेस, आणि मी तुला लिफ्टच्या पाट्या सांगतोय.

तर सांगतो. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मी दिवसातून तीनदा घालायचो, कधी दोनदा. तुझी कामाची पाळी सकाळी सातची, तू जाताना सांगून जायचीस, आणि मी जुन्या पोरांमध्ये जाऊन बसायचो. आईला विचारायचो, "घालायचे राहिले का गं?" ती म्हणायची, "असू दे, तू बस जेवायला." निघायच्या दिवशी पिशवी भरताना कार्ड दिसलं, कोरं. तू भडकशील म्हणून पेन घेतलं आणि सुरुवात केली. करता करता हात थांबलाच नाही. त्या वहीवाल्याला मी शिव्या दिल्या, ते तू वाचलंस तेव्हा काय वाटलं असेल तुला?

पण हे सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट ते नर्सबाईचं.

त्यांनी सांगितलं होतं. घरी सोडताना जिन्यापर्यंत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "हे बघ भाऊ, डोळा लाल झाला, खुपलं, पाणी आलं, तर खालच्या रांगेत उभं राहायचं नाही. सरळ वर वॉर्डात यायचं, मला बोलवायचं, मी नसले तर जी असेल तिला. रात्र असो, दिवस असो." दोनदा सांगितलं. मी हो हो म्हणत जिना उतरत होतो.

तिसऱ्या दिवशी आईचा डोळा लाल होता. खुपतंय म्हणत होती. रखवालदाराने मला ढकललं आणि आम्ही फाटकापाशी आलो, तेव्हा आई म्हणाली, "वरच्या बाईंना विचारू या का रे? त्यांनी यायला सांगितलं होतं." बासष्ट पायऱ्या होत्या फक्त. आणि मी, सगळ्यांसमोर अपमान झालेला शूर माणूस, म्हणालो, "चल! यांच्या दारात परत पाय ठेवायचा नाही." आईने पाय ठेवला नाही. माझं ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकते, तोच तर घोळ आहे.

तू सहाव्या दिवशी नेलंस तेव्हा डॉक्टर म्हणाले ना, तीन दिवस आधी आणलं असतं तर. मला तू फोनवर हे सांगितलंस आणि मी ओरडलो, "हरामखोर आहेत सगळे!" त्यानंतर तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

दोन वाजले. मावशी आल्या. पुढचं नंतर.

चार वाजता: मावशींनी विचारलं, "पत्र कुणाला? बायकोला?" मी म्हटलं, बहिणीला. म्हणाल्या, "भांडण आहे वाटतं. बायकोला एवढं लांब कोणी लिहीत नाही."


१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ, "मला माहीत होतं, तू सांगतोस का ते बघत होते." बरोबर आहे. मीही उत्तर लांबवत नाही.

सोबत एक अर्ज आहे. लांब्याच्या मेव्हण्याने शुद्ध लिहून दिलाय, खाली सही माझी. आधीच्या तक्रारीतलं नर्सबाईंविरुद्धचं सगळं खोटं आहे, त्यांनी दोनदा समजावून सांगितलं होतं, थेंब मी घातले नाहीत, खुणा मी केल्या, असं स्वच्छ लिहिलंय. मेव्हणा म्हणाला, "तुला वेड लागलंय का? स्वतःच्याच गळ्यात घंटा बांधतोस." मी म्हटलं, वाजू दे. तू हा अर्ज मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे, पोच घे, आणि एक प्रत नर्सबाईंना नेऊन दे. त्यांचं काय थांबलंय, पगार का बढती, ते मला माहीत नाही. मी आलो की बासष्ट पायऱ्या चढून जाईन. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन. जिन्यात उभा राहून, या वेळी न उतरता.

पण खिडकीची तक्रार मी मागे घेत नाही! ते त्याच अर्जात खाली घातलंय, वेगळा आकडा टाकून. नर्सबाई चांगल्या म्हणून बाराचा पडदा चांगला होत नाही. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी पाच तास उभी होती आणि तिला "उद्या या" सांगितलं, यात माझी चूक कुठली? तिसऱ्या मजल्यावर आंधळ्यांचा वॉर्ड आणि लिफ्टच्या पाटीला ऑइलपेंट, यात माझी चूक कुठली? माझं पाप माझ्याकडे, त्यांचं त्यांच्याकडे. मी माझं कबूल केलं म्हणून त्यांनी त्यांचं माझ्या पिशवीत टाकू नये. सही करून विचारलंय, लिफ्ट कधी चालू होणार ती तारीख द्या. उत्तर येणार नाही, माहीत आहे. मग परत विचारीन. मला सवय आहे भांडायची, आता जरा कामाच्या ठिकाणी वापरतो.

ते चाळीस हजार विसर. ते माझे नव्हतेच. ठेकेदार उचल देणार होता, वर्षभर घरी न जाण्याच्या बोलीवर. काल त्याला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग चष्म्याचा हट्टही सोड." मी म्हटलं, "चष्मे चार आण, मग बोलू." बहुतेक परत येईन तेव्हा हे काम नसेल. लांब्या म्हणतो, तुला एका जागी मुंग्याच येतात, तुला काय फरक पडतो.

माझा डोळा वाचला. बुबुळावर छोटा डाग राहील म्हणाले, दिसतं सगळं. बाटली संपली काल. मावशींना नेऊन दाखवली, त्यांनी उजेडात धरली, उलटी केली, एक थेंब पडला नाही. म्हणाल्या, "आता कार्ड दाखव, बघू तरी." कार्ड मी आणलंच नव्हतं.

हे खालचं आईला मोठ्याने वाचून दाखव.

आई, मी हो म्हणतो. त्याच दवाखान्यात, अकरा तारखेला, त्याच टेबलावर झोप. त्या दवाखान्याने तुझा डोळा खाल्ला असं मी चार महिने सगळ्यांना सांगत आलो. तो एकट्या दवाखान्याने खाल्ला नाही. ताई सांगेल तुला, किंवा मी आल्यावर मीच सांगतो, तू फक्त "असू दे" म्हणू नकोस. थेंब मी घालणार. दर दोन तासांनी. मी जेवत असलो तरी तू मला उठवायचंस. आणि खुपलं तर फाटकापाशी माझं ऐकायचं नाही. मी काहीही बोललो तरी तू वळायचंस आणि वर जायचंस.

ताई, सहा तारखेची गाडी आहे, आठला सकाळी पोचतो. अकरापासून पुढचे पंधरा दिवस तू तुझ्या कामाच्या पाळ्या चुकवू नकोस, मी आहे. कार्ड माझ्या हातात देऊ नकोस, कार्ड तुझ्याकडे ठेव. संध्याकाळी आलीस की माझ्याकडून बाटली मागायची आणि खिडकीपाशी जायचं.

तिकीट काढून, लांब्याचं देणं देऊन, उरले ते पाठवतोय. एक मोठ्या आकड्यांचं, गजर वाजणारं घड्याळ घे, आईला डाव्या डोळ्याने लांबून दिसेल असं. बाकीचे तुझ्याकडे ठेव.

अकराशे चाळीस रुपये.